देवी काढल्या की निघाल्या

जो आजार माणसाला स्वतःला आठवत नाही, तो त्याच्या शरीराला आठवत असतो का, आणि असल्यास ते ओळखायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. प्रश्न पाठ्यपुस्तकातला वाटेल. पण माझ्यासमोर तो आला इस्राएलमधल्या लोद गावातल्या माझ्या ताईच्या स्वयंपाकघरात, आणि त्याच्या उत्तरावर तिच्या लेकीचे आणि लेकीच्या पोटातल्या बाळाचे बरेच काही अवलंबून होते.

ठाण्याच्या एका मराठी शाळेत मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले. इस्राएलला आले ती उशिरा, नव्वदच्या दशकात. फळ्यासमोर उभे राहून शिकवण्याइतके हिब्रू मला कधीच आले नाही, म्हणून लोदमधल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाले. द्रावणे तयार करायची, परीक्षानळ्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसून ठेवायच्या. शिकवण्याची सवय मात्र सुटली नाही. ती घरच्यांच्या वाट्याला आली, आणि त्यांनी ती बऱ्यापैकी सहन केली.

ताई माझ्या कितीतरी आधी, नवरा आणि आठ वर्षांच्या मुलीसह इथे आली होती. तिचे मराठी मुंबई सोडताना जसे होते तसेच राहिले. ती अजून ‘म्युनिसिपालटी’ म्हणे, ‘हास्पिटल’ म्हणे, आणि दुकानात, दवाखान्यात लागणारे हिब्रू शब्द त्यातच मिसळून टाके. तिच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे, मराठी आठ वर्षांच्या मुलीइतकेच वाढले होते. वाक्य मराठीत सुरू करून ती हिब्रूत संपवी. किर्यात गातला चिप बनवणारा कारखाना नुकताच सुरू झाला होता. तिथे ती कामगारांच्या बसने जाई. जावई इथेच जन्मलेला, मूळ घराणे कोकणातले. तो रेल्वेच्या कारखान्यात डबे दुरुस्त करी. मराठी त्याला खाण्याच्या पदार्थांपुरते आणि ताईच्या दोन-तीन शिव्यांपुरते येई. त्यांची मुलगी चार वर्षांची, गानमध्ये म्हणजे इथल्या बालवाडीत जाणारी. भाचीला पुन्हा दिवस गेले होते. मधे एकदा राहिलेले टिकले नव्हते, त्यामुळे या खेपेला चौथा महिना लागेपर्यंत तिने कोणाला सांगितलेही नव्हते.

त्या शुक्रवारी दुपारी ताई नातीला आंघोळ घालत होती. आतून तिचा आवाज आला.

“अगो, जरा इकडे ये. हिच्या पोटावर काय आलंय बघ.”

पोटावर आणि पाठीवर लाल ठिपके होते. त्यांतल्या एकावर बारीक पाण्याचा फोड धरला होता.

“कांजिण्या आहेत,” मी म्हटले.

जावई दारातून डोकावून म्हणाला, “अबाबुओत रूआख. गानच्या दारावर कागद लावला होता.”

हिब्रूत कांजिण्यांना असे म्हणतात. अबाबुओत म्हणजे फोड, रूआख म्हणजे वारा. मुलगी टबात उभी राहून सगळ्यांची तोंडे पाहत होती. तिने विचार केला आणि हिब्रूत म्हणाली, “मग खिडकी लावा. म्हणजे आणखी येणार नाहीत.”

ताईने लगेच उठून खिडकी लावली. खरे तर ती उघडायला हवी होती. नावात तथ्य आहे. हा विषाणू श्वासातून हवेत उतरतो आणि हवेतूनच दुसऱ्याच्या नाकात शिरतो. शिवाय अंगावर पहिला ठिपका दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असते. म्हणजे त्या आठवड्यात जो कोणी तिला जवळ घेऊन झोपला होता, त्याला जे मिळायचे ते मिळून गेले होते. तिला जवळ घेऊन झोपणारी तिची आई दाराला टेकून उभी होती, आणि तिचा हात पोटावर गेला होता.

“इमा,” ती ताईला म्हणाली. इमा म्हणजे आई. “हे मला येऊ शकतं?”

“तुला सगळं होऊन गेलंय लहानपणी,” ताई म्हणाली. “तू घाबरू नको. मी आहे ना.”

मी एवढेच सुचवले की रविवारी दवाखाना उघडला की डॉक्टरांना विचारावे. गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर तिच्या फुप्फुसांना त्या जड जाऊ शकतात, आणि पहिल्या महिन्यांत बाळालाही क्वचित इजा होते. क्वचित हा शब्द मी मुद्दाम वापरला, पण भाचीने तो ऐकला असे वाटले नाही.

रविवारी मी शाळेत होते. संध्याकाळी ताईकडे गेले तर घरात सुटकेचे वातावरण होते. ताईने चहा टाकला होता, जावई नातीच्या फोडांवर गुलाबी औषध लावत होता आणि ती प्रत्येक फोडाला नाव ठेवत होती. भाची कितीतरी दिवसांनी पाय वर घेऊन बसली होती.

“डाक्टरीण रशियन आहे,” ताई सांगू लागली. “चांगली आहे. तिनं मलाच विचारलं, हिला लहानपणी अबाबुओत झाल्या होत्या का. मी म्हटलं, केन, केन, होय तर. अंग कसं तापलं होतं, रडून रडून हिनं चाळ डोक्यावर घेतली होती. तिनं लगेच कंप्युटरात घालून टाकलं.”

“बेसेदेर,” जावई म्हणाला. म्हणजे, ठीक झाले सगळे. “डॉक्टर म्हणाली, एकदा झाल्या असतील तर पुन्हा सहसा होत नाहीत.”

डॉक्टरांचे म्हणणे बरोबर होते. पण ताईच्या सांगण्यात मला एक गोष्ट खटकली. कांजिण्या झालेल्या मुलाची आई आधी खाज सांगते. ताप नंतर सांगते. ताईने खाजेचे नाव घेतले नव्हते.

“ताई, हिला काय झालं होतं? मराठीत सांग.”

“मराठीत काय सांगायचं त्यात? देवी.”

“देवी?”

“अबाबुओत म्हणजे देवीच ना? आम्ही आलो तेव्हा इथल्या नर्सनं हिच्या दंडावर बोट ठेवून विचारलं होतं, अबाबुओत? मी केन म्हटलं होतं. तेव्हापासून मला ठाऊक आहे तो शब्द. तू आलीस काल परवा.”

“बरं. देवी काढल्या होत्या की निघाल्या होत्या?”

ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले त्या जुन्या लोकांना या दोन क्रियापदांतला फरक सांगावा लागत नाही; तरुण वाचकांसाठी सांगते. देवी निघणे म्हणजे तो भयंकर आजार होणे. देवी काढणे म्हणजे त्या आजाराची लस टोचून घेणे. नाम एकच, पण एका क्रियापदात मृत्यू दारात येतो आणि दुसऱ्यात त्याला दाराबाहेर ठेवले जाते. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, घरांत देवीची पूजा नव्हती, तरी शब्द शेजाऱ्यांचाच होता आणि तो आम्ही जसाच्या तसा वापरत होतो.

“काढल्या होत्या,” ताई म्हणाली. तिचा आवाज उतरला. “म्युनिसिपालटीचा माणूस चाळीत आला होता. दंडावर टोचलं. मग ताप आला, फोड आला, खपली पडली.”

भाचीने बाही वर केली. दंडावर तो गोल, चकाकणारा वण होता. माझ्या दंडावर आहे, ताईच्या आहे. जावयाने तो कौतुकाने पाहिला. आजवर त्याला तो भाजल्याचा डाग वाटत होता.

“अझ मा?” भाचीने विचारले. म्हणजे, मग काय? मग तिने तेच मराठीत विचारले, कारण ताईला ते ऐकू जावे असे तिला वाटत असावे. “म्हणजे मला कांजिण्या झाल्या नाहीत?”

“झाल्या नाहीत असं नाही. झाल्या की नाही हे आपल्याला माहीत नाही, असं,” मी म्हटले.

मग मी ताईकडे वळले. “ताई, आठव. अंगभर फोड, खूप खाज, आठवडाभर शाळा नाही?”

ताईने आठवायचा प्रयत्न केला. तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले की ती स्वतःला हवे ते आठवू पाहते आहे, आणि प्रामाणिकपणामुळे ते तिला आठवता येत नाही. शेवटी तिने मान हलवली.

“म्हणजे मी डाक्टरणीला खोटं सांगितलं.”

“नाही, तू खरं सांगितलंस. तुला जे विचारलं असं वाटलं, त्याचं खरं उत्तर दिलंस.”

“मास्तरीण आहेस, गोड बोलून समजूत घालतेस,” ती म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली. चहा कोणी प्यायला नव्हता.

तूर्त नातीला ताईकडेच ठेवले. संसर्ग व्हायचा तो होऊन गेला असला तरी भाचीने तिच्याजवळ पुन्हा झोपू नये, इतकेच आमच्या हातात होते. निघताना मुलीने आईकडे हात पसरले. भाचीने दुरूनच हवेत पापा पाठवला आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. ताईला ये म्हटले, तर ती म्हणाली, “मी नाही येत. माझं हिब्रू काल पाहिलंस ना.”

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, थकलेल्या पण ऐकून घेणाऱ्या होत्या. मोडक्या हिब्रूत मी त्यांना समजावले की आमच्या भाषेत एका नामाला दोन क्रियापदे लागतात, आणि आईने सांगितला तो आजार नव्हता, लस होती, तीही दुसऱ्याच आजाराची. त्यांचे हात टंकफलकावर थांबले.

“आमच्या रशियन भाषेतही कांजिण्यांचं नाव वाऱ्यावरूनच आहे,” त्या म्हणाल्या. “आणि रोजच्या बोलण्यात त्या मोठ्या आजाराचं नाव निराळं. हिब्रूत मात्र दोन्ही अबाबुओत. एक वाऱ्याच्या, एक काळ्या.” मग भाचीकडे वळून म्हणाल्या, “आईची आठवण बहुतेक वेळा बरोबर असते, म्हणून आम्ही ती मानतो. पण आता रक्तालाच विचारू.”

त्यांनी आदल्या दिवसाची नोंद पुसली. भाची आठ वर्षांची होऊन इथे आली हे ऐकल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. इथली मुले बालवाडीतच कांजिण्या घेऊन घरी येतात. उष्ण प्रदेशात मात्र हा आजार पुष्कळांना मोठेपणी गाठतो. भाचीचे बालवाडीचे वय तिकडे गेले आणि इथे ती आली तेव्हा वर्गातल्या मुलांचे सगळे आटपले होते. दोन्हीकडून ती निसटली असणे शक्य होते. रक्त तातडीने पाठवले. संरक्षण नसल्याचे निघाले तर एक इंजेक्शन देता येईल, पण ते संसर्गानंतर जितके लवकर दिले जाईल तितके उपयोगी, असे त्यांनी सांगितले.

परतताना आम्ही बसथांब्यावर बसलो. विमानतळ गावाला लागूनच आहे, त्यामुळे डोक्यावरून विमाने उतरत होती. लोदमध्ये बोलताना मधे मधे थांबावे लागते, त्याची सवय होऊन जाते.

“मावशी,” ती म्हणाली, “माझ्या रक्तात ते नक्की काय शोधणार?”

असे विचारल्यावर माझ्यातली शिक्षिका गप्प बसणे शक्य नव्हते. शिवाय मला असे वाटते की घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नको’ म्हणण्यापेक्षा काय चालले आहे ते नीट सांगितलेले बरे.

“तुझ्या कारखान्यात आत जाताना काय घालतेस?”

“पांढरा सूट. टोपी, मास्क, हातमोजे, बुटांवरून पिशव्या.”

“म्हणजे तुला काही लागू नये म्हणून?”

“मा पितोम,” ती हसली. छे, भलतेच. “मला कोण विचारतंय. माझ्यापासून चिपला काही लागू नये म्हणून.”

“शरीरालाही असा एक सूट आहे. त्वचा. पण शरीराला जेवावं लागतं, श्वास घ्यावा लागतो, पाहावं लागतं, म्हणून त्या सुटाला दारं ठेवावी लागतात. प्रत्येक दारावर काही ना काही पहारा आहे. डोळ्यांत अश्रू, तोंडात लाळ, नाकात शेंबूड, पोटात आम्ल. त्यातूनही कोणी आत आलं तर त्याला गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी आहेत. ताप येतो, सूज येते, तेही याच पहाऱ्याचं काम. मॉलच्या दारावरचा शोमेर, तो पहारेकरी, तुला ओळखतो?”

“नाही. रोज बघतो, तरी रोज पर्स उघडायला लावतो.”

“ही पहिल्या प्रकारची प्रतिकारशक्ती. उपजत. जन्मतः मिळालेली, ताबडतोब कामाला लागणारी, पण कोणाची ओळख न ठेवणारी. काल आलेला जंतू आज पुन्हा आला, तरी तिच्या लेखी तो नवाच.”

“आणि दुसरी?”

“दुसरी अर्जित. ती शिकावी लागते. तिच्यात मुख्यतः दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. एक तऱ्हा हाडांच्या मगजात तयार होते आणि प्रतिपिंडं बनवते. प्रतिपिंड म्हणजे एकाच कुलपाला लागणारी किल्ली समज; कांजिण्यांचं गोवराला लागत नाही. दुसरी तऱ्हा छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत शिकून बाहेर पडते. विषाणू आपल्याच पेशीत शिरून लपला तर प्रतिपिंडं तिथं पोचत नाहीत. मग या दुसऱ्या पेशी ती बिघडलेली पेशीच नष्ट करतात. त्यांच्यातल्याच काही बाकीच्यांना कामाला लावतात.”

“हे सगळं शिकायला वेळ लागतो?”

“पहिल्यांदा काही दिवस लागतात. त्या दिवसांत माणूस आजारी पडतो. पण लढाई झाल्यावर काही पेशी मागे राहतात, त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या इतक्या चटकन उठतात की आपल्याला कळतही नाही. तुला कधीकाळी कांजिण्या झाल्या असतील, अगदी दोनच फोड येऊन गेले असतील आणि आईला ते घामोळं वाटलं असेल, तरी तुझ्या रक्तात त्यांची प्रतिपिंडं सापडतील. तेच शोधणार आहेत.”

तिने दंड चोळला. “आणि ही देवी? तिनं काहीच शिकवलं नाही?”

“शिकवलं, पण देवीपुरतं. कांजिण्यांचा विषाणू निराळ्या कुळातला. फोड दिसायला सारखे म्हणून लोकांनी नावं जवळजवळ ठेवली, एवढंच.”

एक विमान उतरून गेल्यावर ती म्हणाली, “आणि बाळ? त्याच्याकडे काय आहे?”

“त्याला अजून सगळंच शिकायचं आहे. तोवर आईची प्रतिपिंडं वारेतून, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते तिच्यातून, त्याच्याकडे जातात. शेवटच्या महिन्यांत सर्वांत जास्त. जन्मल्यावर पहिले काही महिने ते त्यांच्यावरच निभावतं.”

“माझ्याकडे असतील तर जातील.”

“हो.”

“नसतील तर?”

याचे उत्तर मला माहीत होते आणि तिलाही. बस आली म्हणून ते द्यावे लागले नाही.

निकालाचा फोन दुसऱ्या दिवशी ताईच्या घरी आला; दवाखान्यात आम्ही तोच नंबर दिला होता. भाची तेव्हा लेकीला खिडकीतून भेटायला आली होती. खालच्या अंगणात उभी राहून ती वर हात हलवत होती आणि वर मुलगी आपले फोड एकेक करून तिला दाखवत होती. जावयाने फोन घेतला. खिडकीशी जाऊन त्याने बायकोला हिब्रूत दोनच शब्द सांगितले: ‘एन नोग्दानिम.’ प्रतिपिंडे नाहीत.

ताई पलंगावर बसली. “मी मलिदा बोललेय,” ती म्हणाली. नवसाला आम्ही पोहे, खोबरे आणि साखरेचा मलिदा करतो. “एवढं पार पडू दे.” मग जरा वेळाने, “तू परवा विचारलं नसतंस तर?”

“तर पुढच्या तपासणीत कोणी तरी विचारलं असतं.”

“नसतं विचारलं. कंप्युटरात होतं ना, झाल्यात म्हणून.”

मी तिच्याजवळ बसले. तिची चूक कशी घडली ते मला समजत होते. लेक घाबरून समोर बसलेली असताना, एका होकाराने तिची भीती जाणार असेल तर कोणती आई तो होकार शब्दकोशात पडताळून मग देईल? तिला तो शब्दही कोणी शिकवला नव्हता. एका नर्सने वणावर बोट ठेवले, आणि त्या बोटाच्या टोकाला जे होते त्याचे नाव तिने पाठ केले. परदेशात आपण सगळेच अशी भाषा शिकतो.

इंजेक्शन त्याच दिवशी हॉस्पिटलात दिले. ताई या वेळी बरोबर आली. बाहेरच्या बाकावर तिने मला विचारले, “त्या इंजेक्शनात काय असतं?”

“ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या आहेत अशा माणसांनी दिलेल्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं.”

“कोणाच्या?”

“अनेकांच्या. कोणाच्या ते कोणालाच माहीत नाही.”

ताईने त्यावर विचार केला. “म्हणजे उसनं. टिकेल किती?”

“काही आठवडे. हिचं शरीर स्वतः काही शिकणार नाही त्यातून.”

“मग शेजारणीकडून आणलेलं दही म्हण की. खाल्लं, वाटी धुतली, झालं.”

मी वर्गात इतकी वर्षे निष्क्रिय प्रतिकारशक्ती शिकवली, पण इतक्या सोप्या शब्दांत नाही. मी म्हटले, “बरोबर. आणि लस म्हणजे विरजण. चमचाभर घेतलं, आपल्या दुधात लावलं की दही आपलंच होतं, आणि त्यातलं थोडं ठेवलं की उद्याचंही लागतं. आजार होऊन बरं होणं, तेही तसंच, फक्त दूध उतू गेल्यावर.”

“मग हिला विरजणच का नाही देत?”

“ती लस जिवंत विषाणूची असते. दुबळा केलेला, पण जिवंत. पोटात बाळ असताना देत नाहीत. शिवाय विरजण लागायला वेळ लागतो आणि आपल्याकडे वेळ नाही.”

“बरं,” ताई म्हणाली. “पण घरी आज मटण आहे, दह्याच्या गोष्टी आता पुरे.” दूध आणि मांस एका जेवणात न आणण्याचा आमचा नेम ती बोलण्यातही पाळते की काय, असे मला वाटले आणि त्या आठवड्यात मी प्रथमच हसले.

इंजेक्शन दिले म्हणजे आजार टळला असे नसते. कधी तो टळतो, कधी सौम्य होऊन येतो, आणि येण्याची मुदतही लांबते. त्यामुळे पुढचे आठवडे वाट पाहण्यात गेले. नातीच्या खपल्या पडल्या आणि ती आईच्या कुशीत परत गेली. भाचीला कारखान्याने घरी बसवले. रोज सकाळी ती आरशासमोर उभी राही आणि पाठीकडचे पाहण्यासाठी ताई जाई. डासाच्या एका चाव्याने दोन दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. पाठ पाहून झाली की ताई लेकीचा झगा खाली ओढून सारखा करी, आणि तळहात क्षणभर तसाच पाठीवर ठेवी. भाचीही तेवढा वेळ हलत नसे.

कांजिण्या आल्या नाहीत. मुदत संपल्याचे डॉक्टरीणबाईंनी सांगितले त्या दिवशी भाचीने फोनवर आधी मराठीत, मग हिब्रूत आणि मग नुसतेच रडून आईला ते कळवले. पुढे यथाकाल बाळ झाले, व्यवस्थित. मलिदा झाला. जावयाने तीन वेळा घेतला आणि नवस पुन्हा कधी बोलणार ते विचारून सासूची एक शिवी खाल्ली.

काही महिन्यांनी भाचीने कांजिण्यांची लस घेतली, दोन्ही मात्रा. तेव्हा ती इथे मिळत होती, पण सरसकट सगळ्यांना देत नसत. बाळाच्या लसी टिपात खलावमध्ये, म्हणजे ‘दुधाचा थेंब’ अशा नावाच्या इथल्या बालआरोग्य केंद्रात, ठरल्याप्रमाणे होत गेल्या. ताई आता समाजातल्या कोणत्याही लग्नात किंवा नामकरणात तरुण गरोदर मुलगी दिसली की तिला बाजूला घेते. मुली तिला हिब्रूत उत्तरे देतात, ती मराठीत विचारत राहते, आणि शेवटी म्हणते, “मला सांगू नकोस. रक्त बघून घे.”

सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. आजार होऊन गेला असेल तर शरीर तो लक्षात ठेवते, बहुतेक वेळा माणसापेक्षा अधिक चांगल्या तऱ्हेने. पण भाचीच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे काही घडलेच नव्हते, आणि ते तिच्या चेहऱ्यावरून, आईच्या प्रेमावरून किंवा माझ्या तर्कावरून कोणालाही कळले नसते.

माझे ज्ञान शाळेत शिकवण्यापुरते होते आणि आहे. त्यानंतर हे शास्त्र बरेच पुढे गेले असणार. म्हणून वाचकांना विनंती एवढीच की यातले काहीही माझ्या शब्दावर मानू नका. आपल्याला कोणते आजार होऊन गेले, कोणत्या लसी मिळाल्या, हे घरच्यांना विचारा, ते कोणत्या भाषेत आणि कोणत्या शब्दाने सांगतात ते नीट ऐका, आणि मग डॉक्टरांकडे जाऊन स्वतः तपासून घ्या.